कुपनाचा दुसरा तुकडा

कुपनाचे दोन तुकडे असतात. एकावर नुसता क्रमांक; तो बाईच्या मुठीत जातो आणि रात्री लकी ड्रॉ होईपर्यंत घामानं मऊ होतो. दुसऱ्या तुकड्यावर तोच क्रमांक, खाली नाव, मोबाइल नंबर आणि वॉर्ड. तो तुकडा टेबलामागचा पोरगा फाडून घेतो आणि पाण्याच्या रिकाम्या जारमध्ये टाकतो. लोणी काळभोरमधल्या एका मोकळ्या प्लॉटवर, मांडवाच्या तोंडाशी लावलेल्या अशा टेबलापाशी मी बराच वेळ उभा होतो. पोरगा प्रत्येकीला मान वर न करता एकच प्रश्न जास्तीचा विचारायचा.

"मतदान इथलंय का गावाकडचं, ताई?"

"इथलंच की. आधार कार्ड दावू का?"

"नको नको. बसा आत."

गावाकडचं म्हणणारीलाही कुपन मिळत होतं. फक्त तिच्या तुकड्यावर कोपऱ्यात निळ्या पेनाची एक बारीक फुली पडत होती. मांडवावरच्या फ्लेक्सवर सगळ्यांत मोठा फोटो भाऊंचा, म्हणजे मांडव घालणाऱ्या इथल्या पुढाऱ्यांचा, त्याखालोखाल पैठणीचा, आणि मधे सोनेरी अक्षरांत 'खेळ पैठणीचा'. संक्रांतीनंतरचे दिवस होते. संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा काळ, आणि आता तोच या खेळांचाही भरातला हंगाम.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला होता 'खेळ', आणि त्याला शेपूट जोडलं होतं: मैदानावरचे नकोत. टीव्हीवरचे, नामांकित माणसं खेळतात तसले. म्हणून सुरुवातीला मी चीनकडं पाहत होतो. पोहोचलो सोलापूर रस्त्यावर.

पाठीवरची पट्टी

चीनमधल्या चेजियांग वाहिनीवर १० ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेला आणि आज 'कीप रनिंग' या नावानं ओळखला जाणारा कार्यक्रम मूळचा कोरियाचा. तिथल्या एसबीएस वाहिनीनं २०१० साली 'रनिंग मॅन' काढला, चिन्यांनी सुरुवातीला त्यांच्याच मदतीनं तो आपला केला. डेंग चाओ, अँजेलाबेबी, ली चेन असे पडद्यावरचे मोठे लोक एखाद्या शहरात उतरतात, चिखलात घसरतात, कोडी सोडवतात, एकमेकांना फसवतात. शेवटची झुंज ठरलेली. प्रत्येकाच्या पाठीवर त्याच्या नावाची पट्टी चिकटवलेली असते. दुसऱ्यानं ती ओरबाडून काढली की तुम्ही बाद.

मला त्यातली ही पट्टी फार हुशारीची वाटते. ज्या नावावर कोट्यवधींचे करार होतात ते नाव चारचौघांत टरकन फाडलं जातं, आणि बघणाऱ्याला त्याचं सुख होतं. मोठ्याला दोन तास आपल्यासारखं धडपडताना पाहण्याचा हा खेळ. तिथला पैसा अर्थात धडपडत नाही. अनेक पर्वांची मुख्य प्रायोजक यिली ही बडी दूधकंपनी, तिच्या दह्याच्या बाटल्या खेळाच्या अधूनमधून सहज हाती लागतील अशा पेरलेल्या.

आपल्याकडं याला समांतर काय, असं कुणी विचारलं तर 'बिग बॉस मराठी'चं नाव चटकन येईल. २०२४च्या पाचव्या पर्वात रितेश देशमुख सूत्रधार होते आणि जिंकला सूरज चव्हाण, बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा रीलवाला पोरगा. लोणीच्या मांडवात त्याचं नाव निघालं तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आपल्याच जिल्ह्यातला हाय तो." त्यांच्या बोलण्यात त्याच्या जिंकण्याचं नवल नव्हतं, नात्यातल्या पोराला नोकरी लागल्याचं समाधान होतं. पण 'बिग बॉस' हा कोंडवाडा. बाहेरच्या माणसानं तो काचेतून बघायचा. गावात उतरून, घराची कडी वाजवून खेळ मांडणारा आणि तरीही नामांकित माणसाच्या जोरावर चालणारा कार्यक्रम आपल्याकडं दुसराच होऊन गेला, आणि तो चिन्यांच्या, कोरियनांच्याही आधी.

भावोजी आले

१३ सप्टेंबर २००४. वाहिनीचं नाव तेव्हा अल्फा मराठी. संध्याकाळी सहाची वेळ, म्हणजे दिवेलागणीची, कुकर लावण्याची, क्लासहून पोरं परतण्याची. त्या वेळेला आदेश बांदेकर एखाद्या घराच्या दारात उभे राहू लागले. दारावरच्या हाकेसाठी थेट एकनाथांच्या भारुडातल्या देवीला साद घातलेली. दार उघडणारी बाई मात्र डोंबिवलीची, चिंचवडची, नाहीतर सांगलीची. बांदेकर दूरदर्शनवरच्या 'ताक धिना धिन'मुळं आधीच ओळखीचे होते, पण 'होम मिनिस्टर'नं त्यांना नात्यातलं करून टाकलं. ते तिला वहिनी म्हणायचे, ती त्यांना भावोजी.

आता या नात्याकडं जरा नीट बघा. भाऊ म्हटलं असतं तर बाईला थट्टा करता आली नसती. काका म्हटलं असतं तर पदर सावरून बसावं लागलं असतं. मराठी घरात वहिनीनं हक्कानं टोमणा मारावा आणि त्यानं तो हसून झेलावा, असं एकच पुरुषाचं नातं आहे: दिराचं. निर्मात्यांनी ते ठरवून योजलं की ओघात सापडलं, कोण जाणे. पण अठराएक वर्षं कार्यक्रम चालला त्याचं निम्मं रहस्य मला तिथं दिसतं. नवऱ्याला समोर बसवून "लग्नानंतर पहिली भेटवस्तू काय दिली होती?" असं विचारायचं आणि त्याची तंतरलेली बघायची, हे दिरालाच शोभतं.

खेळ अगदीच साधे. घरातल्याच वस्तू, मिनिटाचा वेळ, दोन वहिन्या, एक हरणार, एक जिंकणार. जिंकणारीला पैठणी. बक्षीस म्हणून रोख रक्कम किंवा फ्रिज ठेवला असता तर त्याची किंमत झाली असती. पैठणीला कपाट मिळालं. पुढं कार्यक्रमाची निरनिराळी पर्वं झाली. २०२०च्या टाळेबंदीत भावोजी व्हिडिओ कॉलवरून घरात आले. २०२२मध्ये 'महामिनिस्टर' झालं, त्यात अकरा लाखांची पैठणी लागली आणि ती रत्नागिरीला गेली. अकरा लाखांची साडी नेसून बाईनं कुठं जायचं, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच घरांत विचारला गेला.

मधे २००९ साली बांदेकर माहीममधून शिवसेनेतर्फे विधानसभेला उभे राहिले. हरले. पुढं सिद्धिविनायक न्यासाचे अध्यक्ष झाले. घरोघरी ओळखीचा असलेला माणूस मतपेटीत पडला, ही गोष्ट राजकारण्यांनी उलट्या बाजूनं वाचली असावी. ओळख असून मत मिळेलच असं नाही. मग आपण मतदारसंघात राहतोच आहोत, तर ओळखीचं काम भाड्यानं का आणू नये? टीव्हीवरचा 'होम मिनिस्टर' थांबला तरी महाराष्ट्रभर चौकाचौकांत त्याच्या नकला जोरात सुरूच आहेत. लोणीतला मांडव त्यातलाच एक.

पोलीस शहराचे, ग्रामपंचायत गावाची

लोणी काळभोर हे गाव आहे की शहर, याचं उत्तर तुम्ही कुणाला विचारता त्यावर आहे. २०२१पासून इथलं पोलीस ठाणं पुणे शहर आयुक्तालयात आलं. महापालिका मात्र अलीकडंच थांबली, त्यामुळं कारभार ग्रामपंचायतीचा. पुण्याहून निघालेली तुकोबांची पालखी इथं मुक्कामाला थांबते आणि मग यवतचा रस्ता धरते. इंधनाच्या कंपन्यांचे डेपो इथं असल्यानं टँकरच्या रांगा लागतात, आणि टँकरमागोमाग चालकांची, क्लीनरची बिऱ्हाडं आली. लातूर, बीड, सोलापूरकडची. नदीकाठच्या ज्या राजबागेत राज कपूर यांनी 'सत्यम् शिवम् सुंदरम्'चा पसारा मांडला होता, तिथं आता एमआयटीचं विद्यापीठ आहे आणि संत ज्ञानेश्वरांच्या नावाचा तो प्रचंड घुमट. शूटिंग बघायला कुंपणाशी जमणारं गाव ते हेच. मांडवातल्या एका म्हाताऱ्या आजींना मी त्याबद्दल विचारलं. "बघितलं की. नुसतं 'परत करा, परत करा' चालायचं. काम काय ते दिसायचं नाय," एवढंच म्हणाल्या आणि स्टेजकडं वळल्या.

तर अशा गावात काळभोरांच्या जुन्या घरातली सून आणि पत्र्याच्या चाळीतली भाडेकरीण शेजारी-शेजारी खुर्चीत बसायचा प्रसंग एरवी कुठं येतो? किराणा दुकानात उभ्याउभ्या, दवाखान्यात आजारी असताना. मांडवात त्या बसल्या होत्या. निळ्या फुलीची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, किंवा असेलही. बायकांना बरंच ठाऊक असतं.

माइकवाला

सूत्रसंचालक हडपसरकडचा होता, तिशी ओलांडलेला, मखमली जॅकेट, कानामागून आलेला बारीक माइक. स्वतःला भावोजीच म्हणवून घेत होता. आदेश भावोजींचे असे शेकडो धाकटे भाऊ महाराष्ट्रात आहेत. कुणी लग्नात निवेदन करतो, कुणी शाळेत शिक्षक, कुणी ऑर्केस्ट्रातून आलेला. हंगामात एका दिवशी दोन कार्यक्रम लागतात.

त्याचं खरं कसब खेळात नाही, वेळात आहे. भाऊ सातला येणार म्हणजे साडेआठला येणार. तोवर हजारभर बायका खुर्चीत हव्यात. घरी स्वयंपाक राहिलाय, लेकरू पेंगतंय, तरी एकीनंही उठता कामा नये. म्हणून लकी ड्रॉ शेवटी. म्हणून बक्षिसं स्टेजवर आधीच रचून ठेवायची: खाली कुकर आणि मिक्सर, वर ओव्हन, मधोमध वॉशिंग मशिन, आणि सगळ्यांत पुढं हार घातलेली स्कूटी. ड्रॉ काढायचा तो कुकरपासून. दर वीस मिनिटांनी एखादी चिठ्ठी, मग परत खेळ.

कुणाला वर बोलवायचं हेही त्याचं ठरलेलं. मध्यंतरात चहा पिताना तो म्हणाला, "पहिल्या रांगेतल्या बाईला लगेच हात नाही द्यायचा, सर. ती कुणाची तरी असते. चौथ्या-पाचव्या रांगेत जी मैत्रिणीला ढोसत असते ना, ती उचलायची. आणि जिला ढोसतात तिलापण. एक बोलते, एक लाजते. दोघी लागतात."

स्टेजवर पन्नासेक बायका चढल्या. पहिला खेळ डोळ्यांवर पट्टी बांधून जोडीदारणीच्या कपाळावर टिकल्या लावायचा. एका मिनिटात नाक, गाल, भुवया लाल झाल्या. दुसरा खेळ स्ट्रॉचा. दोघींची जोडी, एकीच्या आंबाड्यात दुसरीनं जमतील तेवढ्या स्ट्रॉ खोवायच्या. इथं एक बारकी गोष्ट बघायला मिळाली. चाळीतली एक सडपातळ बाई घाई न करता प्रत्येक स्ट्रॉ आंबाड्याच्या मुळाशी तिरकी सारत होती, गजरा माळावा तशी. बाकीच्यांच्या स्ट्रॉ उभ्या खोवलेल्या. मान हलली की गळत होत्या. शिट्टी वाजल्यावर मोजणी झाली तेव्हा हिची एकही पडली नव्हती. नंतर कळलं, ती मंगल कार्यालयांत नवरीचे केस बांधायला जाते.

तिसरा खेळ प्लॅस्टिकच्या ग्लासांच्या मनोऱ्याचा. तो पंख्यानं पाडला. मांडववाल्याचा मोठा पंखा स्टेजच्या बाजूला होता आणि त्या अंगाच्या सगळ्या बायका बाद झाल्या. गलका झाला. "पंखा बंद करा आणि परत घ्या!" सूत्रसंचालक हसण्यावारी नेऊ लागला तशी एक काकू माइकच ओढून म्हणाल्या, "भावोजी, आमच्यात हरलं तर चालतंय, फसलं तर न्हाय." खेळ परत झाला. पंखा बंद.

नाव घ्या

उखाण्याशिवाय हा खेळ पुढं सरकतच नाही. उखाणा म्हणजे चाळणी. पन्नासांतून वीस, वीसांतून पाच. पूर्वी नवऱ्याचं नाव एरवी तोंडातून काढायचं नाही म्हणून ते कवितेच्या आडून घ्यायचं. आता घरात 'अहो गणेश' चालतं, तरी स्टेजवर गेलं की नाव घेताना लाजायची रीत पाळली जाते. लाजणं हाही खेळाचाच भाग.

एका तरुण बाईनं घेतलं:

"डेपोच्या दारात टँकरची रांग, गणेशरावांची नाइट ड्युटी, झोपायचं कधी सांग!"

मांडव फुटायचा राहिला. मागं दोरीपलीकडं मोटरसायकलींवर बसलेल्या पुरुषांत कुणीतरी शिट्टी मारली, आणि बहुधा तेच गणेशराव असावेत असा एक माणूस मोबाइलमध्ये खूप लक्ष घालून बसला.

मग पन्नाशीच्या एक बाई. कपाळ मोकळं. सूत्रसंचालकानं नाव घ्या म्हटलं आणि तो चपापला. बाई चपापल्या नाहीत. माइक हनुवटीला टेकवून म्हणाल्या:

"दारात उभा टेम्पो, एमएच बारा पाटी, अनिकेतचं नाव घेते, हप्ते फेडण्यासाठी!"

अनिकेत त्यांचा मुलगा. टाळ्या पडल्या त्या सहानुभूतीच्या नव्हत्या, उखाणा झकास जमला होता म्हणून पडल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढं सरकारनंही इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. लोणीतल्या त्या मांडवात ठराव वगैरे काही नव्हता. निमंत्रणावर 'सर्व माता-भगिनी' छापलं होतं, कारण मत सगळ्यांनाच असतं. हळदीकुंकवाच्या वेळी मात्र वाण देणाऱ्या बाईचा हात त्यांच्यापाशी क्षणभर अडखळला, मग वाणाचा डबा पुढं झाला, करंडा नाही. डबा त्यांनी पिशवीत टाकला.

भाऊंचं भाषण

भाऊ आठ चाळीसला आले. भाषण छोटं केलं, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. महिला सक्षमीकरण हा शब्द त्यात पाचेक वेळा आला. या बोलण्यामागं मोठं गणित आहे. २०११पासून राज्यात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा बायकांना राखीव. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि मग वर्षानुवर्षं प्रशासक. त्या काळात इच्छुकांना हातात पद नसताना लोकांपुढं राहायचं होतं. २०२४मध्ये 'लाडकी बहीण'चे दीड हजार रुपये थेट खात्यावर येऊ लागले आणि बाईचं मत नवऱ्याच्या मताच्या खिशात नसतं हे सगळ्याच पक्षांच्या लक्षात आलं. आचारसंहिता लागली की भेटवस्तू वाटता येत नाहीत. म्हणून निवडणुकीची चाहूल लागताच मांडव पडायला लागतात आणि घोषणा झाली की एका रात्रीत उठतात.

याला लाच म्हणून मोकळं होणं सोपं आहे. एक प्राध्यापक मित्र तसंच म्हणाला. मला ते पुरतं पटत नाही. कुकर एकीला लागतो, पण हजार बायका तीन तास बसतात, त्या कुकरसाठी नाही. लेकरू नवऱ्याकडं देऊन रात्री नऊपर्यंत घराबाहेर राहायला सबब लागते, आणि सासूनंही जिला हरकत घेऊ नये अशी सबब गावात फार थोडी उरली आहे. कीर्तन आहे, पण तिथं माइक महाराजांकडं. ग्रामसभा आहे, तिथं बाई बोलायला उठली तर सरपंच घड्याळ बघतो. इथं अनोळखी माणूस माइक घेऊन तिच्याकडं चालत येतो आणि आधी तिचं पूर्ण नाव विचारतो. चिनी खेळात नावाची पट्टी गेली की माणूस संपतो. इथं नाव सांगितल्याशिवाय सुरुवातच होत नाही. ही गोष्ट भाऊंनी दिलेली नाही; त्यांनी फक्त मांडवाचं भाडं भरलंय आणि त्या भाड्याच्या बदल्यात हजार फोन नंबर नेलेत. सौदा त्यांना स्वस्तात पडला, असं माझं मत.

काठ आणि पाठ

अंतिम फेरी स्ट्रॉवालीनं जिंकली. दोरीच्या उड्या होत्या, आणि ती चपला काढून, पदर खोचून अशी काही सुटली की मोजणारा मागं पडला. भाऊंच्या पत्नीनं तिच्या खांद्यावर पैठणी टाकली. जांभळा रंग, पदरावर मोर. फोटो निघाले. गावातल्या सराफांनी दिलेली नथ उपविजेतीला गेली.

मी नंतर ती साडी उलटून पाहिली. पैठणी ओळखायची ती पाठीवरून. येवल्याच्या हातमागावर विणलेल्या खऱ्या पैठणीचा काठ-पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा हातानं त्याच्या जागेपुरताच गुंफलेला असतो. साध्या नक्षीलाही कित्येक दिवस लागतात, भरगच्च पदराला महिने. २०१०मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. यंत्रावरच्या सेमी पैठणीला मागं धाग्यांचं जाळं सुटलेलं असतं, नखात अडकतं. हिला होतं. हजार-दोन हजारांपासून मिळणाऱ्या या सेमी पैठण्यांनी, चोखंदळ लोक काहीही म्हणोत, पैठणी पहिल्यांदा पत्र्याच्या चाळीत नेली. हातमागवाल्याचं त्यात नुकसान किती झालं आणि जाहिरात किती झाली, यावर येवल्यात दोन विणकर एकमताचे सापडायचे नाहीत.

स्कूटी लागली ती तिसऱ्याच गल्लीतल्या एका आजींना. त्यांना सायकलही येत नव्हती. नातवानं चावी घेतली.

मांडववाले खुर्च्या रचत होते, सूत्रसंचालक जॅकेट काढून गाडीच्या डिकीत ठेवत होता. दुसऱ्या दिवशी त्याला उरुळीकडं पोहोचायचं होतं. तेवढ्यात विजेती परत आली. मागं नवरा, त्याच्या खांद्यावर झोपलेली मुलगी. तिनं पैठणीचा बॉक्स आयोजकांच्या पोरापुढं धरला.

"दादा, हिचं बिल असंल ना?"

"बिल? बक्षिसाचं कसलं बिल, ताई?"

"नाय, दुकानाचं नाव हाय पिशवीवर. मला जांभळी हाय आधीची. हिरवी मिळती का बदलून, ते विचारायचंय. दोघींनी एकच रंग ठेवून काय करायचं?"

"दोघींनी?"

"जाऊबाईला पण मागल्या साली लागली ना, कदमवाकवस्तीला. तिचीबी जांभळीच."

पोरानं खिशातून फोन काढला आणि दुकानवाल्याला लावला.